ते जिरं नव्हतं!

"जिरं असेल, मॅडम."

एजंटनं हे इतक्या कॉन्फिडन्सनं सांगितलं, की मी मान डोलावणारच होते. चिंचवडगावातला टू बीएचके. तिसरा मजला, पूर्वेला बाल्कनी, हॉलला नुकताच दिलेला ऑफ व्हाइट रंग. आणि किचनच्या ओट्यावर, गॅसच्या पाइपमागच्या कोपऱ्यात, पडलेले चार-पाच काळे दाणे.

आई वाकली. चष्मा कपाळावर सरकवला (जवळचं बघायचं असलं की ती चष्मा काढते, हे मला अजून कळलेलं नाही) आणि शांतपणे म्हणाली, "बासमतीच्या मापाचं जिरं मी पहिल्यांदाच बघतेय."

नवरा हसला. एजंट पण हसला. मी मात्र मनातल्या मनात पडद्यांचा रंग ठरवून बसले होते. पूर्वेची बाल्कनी होती हो!

सहा महिने आम्ही घर शोधत होतो. वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चिखली... रविवार आला की हेल्मेट, पाण्याची बाटली आणि सॅम्पल फ्लॅट. नवरा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट असते. घराचीही होती. कार्पेट एरिया, पार्किंग, पाणी किती वेळ येतं, मेंटेनन्स, महारेरा नंबर, कंपनीच्या बसचा स्टॉप किती लांब. त्यात 'उंदीर' नावाचा कॉलम नव्हता. तुमच्या शीटमध्ये तरी आहे का?

मी फ्रीलान्सर. बँकेच्या लेखी माझी कमाई म्हणजे गंमतच. "मॅडम, सॅलरी स्लिप?" असं विचारलं की मी एडिटरचे मेल दाखवू का, असं म्हणायची वेळ यायची. म्हणून लोन नवऱ्याच्या नावावर आणि डाउन पेमेंटमध्ये बाबांच्या पीएफचे आठ लाख. बाबा पिंपरीतल्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट करून रिटायर झाले, त्यातले ते आठ. त्यामुळे प्रत्येक व्हिजिटला आई बरोबर. "पैसे आमचे, तर डोळेही आमचेच," हे तिचं लॉजिक. खोडून काढायला जागा नाही.

आणि डोळे तिचे म्हणजे साधेसुधे नाहीत. तिचं माहेर चाकणचं. आज चाकण म्हटलं की आपल्याला कंपन्या, कंटेनर आणि ट्रॅफिक आठवतो. तिच्या लहानपणी चाकण म्हणजे बाजार, कांदा आणि शेंगा. आजोबांचं तिथं भुसार मालाचं दुकान होतं. पोत्यांच्या थप्पीत वाढलेली मुलगी ती. उंदीर दिसायच्या आधी त्याचा वास ओळखायचा, हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

त्या दिवशी तिनं त्या किचनमध्ये आमचा क्लासच घेतला. लेंडी काळी, चकचकीत आणि मऊ असेल तर ताजी. राखाडी झाली आणि दाबल्यावर भुगा झाली तर जुनी. (दाबायला बोट नाही, काडी घ्यायची. आणि झाडूनं उडवायची नाही, आधी फिनेल किंवा ब्लीचिंगचं पाणी मारून ओली करायची, म्हणजे धूळ नाकात जात नाही.) तांदळाच्या कणीएवढी असेल तर तो घरातला छोटा उंदीर, पिटुकला. सेंटीमीटरच्या वर गेली की मोठा. पाइप चढून येणारा, तीन मजले म्हणजे त्याला काहीच नाही. जमिनीत बिळं करणारी घूस वेगळी, ती खाली पार्किंगच्या कडेला, चेंबरजवळ मातीचा ढीग काढून ठेवते. आणि भिंतीच्या कडेनं चुंचुं करत जाते ती चिचुंद्री. ती मुळात उंदराच्या जातीतलीच नाही, झुरळं-किडे खाते. तिला बघून फ्लॅट कॅन्सल करू नये, एवढंच.

मग तिनं सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढायला लावली. एजंटचा चेहरा बघण्यासारखा होता! ट्रॉलीच्या मागे भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक मळकट तेलकट पट्टा. रंग नवा होता, पण रंगाऱ्याचा हात ट्रॉलीमागे गेलाच नव्हता. उंदराला उघड्यावर चालायला आवडत नाही, तो भिंतीला अंग घासत, रोज त्याच रस्त्यानं जातो. अंगाचं तेल आणि मळ भिंतीला लागत राहतो. म्हणजे तो पट्टा हा एका रात्रीचा पाहुणा नव्हे, हा हायवे होता. गॅसच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात तारेची घासणी कोंबलेली. ड्राय बाल्कनीच्या दाराची खालची कड कुरतडलेली, आणि कुरतडलेलं लाकूड आत पांढरंफटक. जुनं कुरतडलेलं असतं तर काळवंडलं असतं. आणि प्रत्येक कपाटात डांबरगोळ्या. इतक्या, की डोळ्यांत पाणी यावं.

"एवढ्या डांबरगोळ्या कशाला हो?" आईनं विचारलं.

"फ्रेशनेससाठी, मावशी."

आता बोला!

खाली उतरताना एजंटनं शेवटचं अस्त्र काढलं. "मावशी, उंदीर कुणाकडे नसतात? बाप्पाचं वाहन आहे. आणि हे तर मोरया गोसावींचं गाव!" आईनं समाधी मंदिराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, "बाप्पा त्याच्यावर बसलेत, म्हणून तो गप्प आहे. मी किती बसू?"

तरीही आम्ही दुसऱ्यांदा तो फ्लॅट बघायला गेलो. कारण भाव. त्या भागात, त्या साइजचा, त्या भावात दुसरा नव्हता. एजंट म्हणत होता, रविवारपर्यंत एक्कावन्न हजार टोकन टाका, दुसरी पार्टी तयार आहे. (दुसरी पार्टी कायम तयार असते. ती कधी कुणाला दिसलेली नाही.)

त्या दिवशी तो अर्धा तास उशिरा आला आणि आम्ही चापेकर चौकात ताटकळत उभे. या चौकातून मी हजारदा गेले असेन. शाळेत सगळं पाठ केलेलं : १८९७, पुण्यातला प्लेग, रँडची प्लेग कमिटी, घराघरात घुसलेले गोरे सोल्जर, २२ जूनची रात्र, गणेशखिंडीच्या रस्त्यावरच्या गोळ्या, आणि मग १८९८-९९ मध्ये फाशी गेलेले याच चिंचवडचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे सख्खे भाऊ. पण घराच्या शोधात तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं, की ही सगळी गोष्ट घरझडतीची आहे. सोल्जर आजारी माणसं शोधत होते. सामान रस्त्यावर फेकत होते, जाळत होते, बायाबापड्यांची अब्रू राखत नव्हते. आणि उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावून प्लेग देते, हे तेव्हा सिद्धच झालेलं नव्हतं! पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत ते दाखवून दिलं १८९८ मध्ये. ते सगळ्यांनी मान्य करायला आणखी काही वर्षं गेली.

आईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. तिची आजी सांगायची, गावात उंदीर पडायला लागले, म्हणजे मरून पडलेले दिसायला लागले, की माणसं घराला कडी घालून रानात झोपड्या टाकून राहायची. पिसूबिसू त्यांना माहीत नव्हती. पण उंदीर काय सांगतोय, ते कळत होतं.

घाबरवायला नाही सांगत. प्लेगचं भय पुढे खूप कमी झालं, तरी १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतमध्ये त्यानं सगळ्या देशाला हलवलं होतंच. आपल्या फ्लॅटवाल्या आयुष्यात जास्त जवळचा धोका लेप्टोचा. उंदराच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून पायाच्या जखमेत. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत त्यानं काय केलं, ते तेव्हा कॉलेजात असलेल्यांना नक्की आठवत असेल. आणि त्याहून साधा धोका म्हणजे वायर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. फ्रिजची वायर, वॉशिंग मशीनचा पाइप, गॅसची रबरी नळी. चाकणमध्ये गाड्यांच्या वायरिंगवर काम करणारा नवऱ्याचा मित्र स्वतःच्या कारच्या बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधून ठेवतो. दिवसभर ऑफिसात हार्नेस, संध्याकाळी पार्किंगमध्ये तंबाखू!

मध्ये एका वकील मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, मालकांनी लपवलं तर केस करता येते का? ती म्हणाली, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्यानं घरातला मोठा दोष सांगितलाच पाहिजे असं आहे. मी खूश. मग म्हणाली, "थांब. जो दोष त्याला माहीत आहे, तुला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊन बघितलं असतं तरी तुला दिसला नसता, असाच दोष. तुझ्या आईनं ट्रॉली ओढलीय ना? मग तुला दिसलाय." म्हणजे ट्रॉली ओढली तर दिसलं म्हणून केस नाही, आणि नाही ओढली तर ओढायला हवी होती म्हणून नाही. ओढा बाई, ट्रॉली ओढा.

तिसरी व्हिजिट आईची आयडिया. एजंटला न सांगता, रात्री साडेनऊला. "उंदीर बघायचा तर उंदराच्या वेळेला जायला हवं." खिडकीचं माप घ्यायचं राहिलंय, असं कारण सांगायचं ठरलं.

दार काकूंनी उघडलं. साठी-पासष्टीच्या. दोन्ही वेळा एजंटनं आम्हाला ते दोघं बाहेर गेलेले असतानाच आणलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. आत हॉलमध्ये दिवाणावर काका झोपलेले, एका पावलाला पांढरं बँडेज. डांबरगोळ्यांच्या वासात आयोडीनचा वास मिसळलेला. काकूंनी चहा टाकला. आई त्यांच्या मागे किचनमध्ये गेली. मी दारात मेजरिंग टेप धरून उभी, अगदीच बावळट.

तेवढ्यात डक्टच्या बाजूनं आवाज आला. खरर... खरर... थांबला. परत. कुणीतरी नखांनी पाइप खरवडल्यासारखा.

कुणीच काही बोललं नाही. चहा उकळून वर आला, तो आईनंच खाली उतरवला. आणि तिनं एवढंच विचारलं, "ताई, किती दिवस झाले?"

"दीड वर्ष," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी कधी विसरेन असं वाटत नाही.

काकांना वीस वर्षांची शुगर. पायाला संवेदना राहिलेली नाही. एका सकाळी चादरीला रक्त. वाटलं, नख लागलं असेल. आठ दिवसांनी परत. तिसऱ्यांदा काकू पहाटे उठल्या तेव्हा त्यांना दिसलं. अंगठा. काका शांत झोपलेले, त्यांना काही कळतच नव्हतं. डॉक्टरांनी जखम बघून पहिला प्रश्न विचारला, "घरात उंदीर आहेत का?" डायबेटिसवाल्यांच्या बधिर पायांचं असं होतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. आपल्याला नसतं.

"मुलाला सांगितलं चप्पल लागली," काकू म्हणाल्या. "काय सांगणार? लोक म्हणतील, बाई घर स्वच्छ ठेवत नाही."

घर इतकं स्वच्छ होतं की ओट्यात तोंड दिसावं. दोष त्यांचा नव्हताच. दोन्ही विंगच्या मध्ये डक्ट, त्यात सगळ्या किचनचे ड्रेनेज पाइप. खाली रस्त्याला लागून खाण्याचं दुकान, त्यांचं खरकटं डक्टच्या तोंडाशी. तळाची जाळी केव्हाच सडलेली. जाळी, चेंबरची झाकणं, पाइपभोवतीची भोकं काँक्रीटनं बुजवणं, सगळ्याचं एस्टिमेट ऐंशी हजार. सोसायटीत चोवीस फ्लॅट. करा हिशोब. प्रत्येकी साडेतीन हजारसुद्धा नाहीत! पण तळमजल्यावाले म्हणाले वरचे कचरा टाकतात, वरचे म्हणाले दुकानवाल्यानं द्यावेत, दुकानवाला म्हणाला मी भाडेकरू. दोन एजीएम याच्यावरच संपल्या. काकूंनी चार अर्ज दिले होते. पोच घेतलेल्या कॉप्या त्यांनी फ्रिजवरच्या डब्यातून काढून दाखवल्या, जणू आम्हीच कमिटी. औषध का नाही ठेवलं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, उंदीर डक्टमध्ये मरतो आणि आठ दिवस वास जात नाही. आणि सुट्टीत नातवंडं येतात. ते बरोबरच होतं. पिवळ्या फॉस्फरसची ती पेस्ट पोरांच्या हाताला लागली तर त्यावर उतारा नाही. सरळ लिव्हर जातं.

मला आतापर्यंत वाटायचं, उंदीर फ्लॅटमध्ये असतो. तो फ्लॅटमध्ये नसतो हो, तो सोसायटीत असतो. फ्लॅटमधलं भोक आपण बुजवू शकतो. सडलेल्या जाळीवर दोन वर्षं साडेतीन हजारांसाठी भांडणाऱ्या चोवीस घरांचं आपण काय करणार? ट्रॉलीमागचा तो तेलकट पट्टा खरं तर एजीएमचा वृत्तांत होता. आमच्या एक्सेलमध्ये आता तोच कॉलम आहे. रीसेल असेल तर मागच्या दोन वर्षांचे मीटिंगचे मिनिट्स मागायचे. वॉचमनला विचारायचं. आणि कामवाल्या मावशींना तर नक्कीच, त्या रोज ओट्याखाली हात घालतात.

खाली आल्यावर नवरा म्हणाला, "तीन लाख कमी करून मागूया. देतील त्या." चूक नव्हतं त्याचं. बाबांच्या आठातले तीन वाचले असते. काकूंनी दिलेही असते, लगेच. म्हणूनच मला ते मागवेना. दोन दिवस आमच्या घरी यावरून धुसफूस झाली. मी त्याला 'कॅल्क्युलेटर' म्हणाले, तो मला म्हणाला, "तुझ्या भावनांचा ईएमआय मलाच भरायचाय." दोघंही बरोबर, हीच पंचाईत. शेवटी बाबांनी संपवलं. "माझे पैसे भिंतीत गेले तर चालतील," म्हणाले, "डक्टमध्ये नको."

काकूंना फोन आईनंच केला. "ताई, खोटं नाही सांगत. आम्ही नाही घेत." पलीकडून काकू म्हणाल्या, "मला कळलंच होतं. तुम्ही विचारलंत ना, तेव्हाच."

मग आई मच्छरदाणी घेऊन त्यांच्याकडे गेली. दिवाण भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, पांघरूण जमिनीला टेकणार नाही असं केलं आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली नीट खोचून दिली. डासांसाठी नव्हे हो. त्याच्या पुढच्या रविवारी मी झोपेतून उठले तर नवरा गायब. कुठे आहेस विचारलं तर फोनवर ड्रिलचा आवाज. कॅल्क्युलेटर गॅसच्या पाइपभोवती लोखंडी जाळी आणि सिमेंट लावत होता. पेन्सिल जाते तिथून पिटुकला उंदीर जातो, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे अख्ख्या किचनभर तो पेन्सिल घेऊन फिरत होता, असं काकूंनी नंतर आईला हसत हसत सांगितलं. जो फ्लॅट आम्ही घेणार नव्हतो, त्यात आमची एक थैली सिमेंट आहे.

आम्ही रावेतला घेतला. छोटा आहे. बाल्कनी पश्चिमेला. दुपारी भट्टी होते.

दिवाळीत काकूंचा फोन आला, बेंगलोरहून. फ्लॅट विकला गेला होता. मला विचारायचं होतं पण धीर होत नव्हता, तर त्यांनीच सांगितलं. "नवीन लोकांना मी सगळं सांगितलं हो. एजंट खूप चिडला. दोन लाख कमी आले. पण त्यांची छोटी मुलगी आहे, रांगती." काकांची जखम भरत आली होती. मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात, जणू कुणी ऐकेल, त्यांनी विचारलं,

"तुमच्याकडे आहेत का गं?"

"घरात नाहीत, काकू. पण पार्किंगमध्ये आहेत. परवाच ह्याच्या गाडीची वायर खाल्ली."

"तंबाखू बांधली का?"

"बांधली."

"अर्ज दे. आणि पोच घे," काकू म्हणाल्या.